कर्केचा गुरू

आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं आणि कुणी पंचांग काढलं, की माझी पुतणी आपली गोष्ट सुरू करते. आता ती स्वतः आजी झाली, पण गोष्ट तीच आहे. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, पंचांगाच्या इतका नादी लागला की त्याने तिचं ठरलेलं लग्न वर्षभर लांबवलं, आणि लग्न लागायच्या आधी स्वतःच गेला. शेवटी ती म्हणते, "मन्हा बापनी पंचांग धरं, आनि माले सोडं." पोरी हसतात. मी कोपऱ्यात बसून मान हलवतो.

भाऊला पंचांग वाचता येत नव्हतं. त्याला स्वतःची सही करायलाही वेळ लागे. घरात शिकलेला मी एकटा, मराठी शाळेत मास्तर. पंचांग त्याच्या हाती कसं लागलं हे फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो.

भाऊ नंदुरबारच्या एका जिनात तोलारी होता. कापसाचं वजन करायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. आवाज असा की आकडा कारकुनाच्या आधी रस्त्यावरच्या लोकांना कळे. खाणंही आवाजाला शोभेसं होतं. पंगतीत वाढपी त्याच्यापुढून हलत नसत; म्हणत, पुढे जाऊन परत येण्यापेक्षा इथेच थांबलेलं बरं.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाच्या एका हिवाळ्यात त्याच्या घशाशी भाकरी अडायला लागली. पहिला आरोप भाकरीवर आला.

"तुन्ही भाकर लाकूड व्हयी गई," तो वहिनीला म्हणाला.

"भाकर तीच शे, चूल तीच शे, हात बी तेच शेतस," वहिनी म्हणाली. "तुमनं तोंड बदलनं."

मग भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तीही अडली. आता गावाने लक्ष घातलं. कुणी म्हणालं चहा फार कढत पितो, कुणी म्हणालं पंगतीत नजर लागली. वैद्याने वात सांगितला. सातपुड्यातून लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याने मुळी दिली आणि सरळ सांगितलं की ही पोटदुखीची आहे, घशाचं मला कळत नाही. एवढं खरं बोलणारा त्या सबंध प्रकरणात तो एकच माणूस. भाऊ स्वतः घास अडला की उभा राहून दोन उड्या मारी. जिनात बोद्रीत, म्हणजे मोठ्या पोत्यात, कापूस दाबून बसवतात, तसा घास बसेल अशी त्याची समजूत होती.

माघात मी त्याला सुरतेला नेलं. सुरतेची गाडी आमच्या गावावरूनच जाते, आणि आमच्याकडचे लोक मोठं दुखणं आलं की मुंबईपेक्षा सुरत जवळची मानतात. नवापूरला मी भजी घेतली आणि खाता खाता लक्षात आलं की शेजारी भाऊ दुधाचा पेला धरून माझ्याकडे बघतोय. मी उरलेली भजी खिडकीतून टाकून दिली. "टाकी कसाले दिधी?" तो म्हणाला. "वास तरी येता ना."

डॉक्टरने त्याला कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं काहीतरी पाजलं आणि यंत्रापुढे उभं करून फोटो काढला. मग त्याला बाहेर बसवून मला आत बोलावलं. "केन्सर छे. अन्ननळीमां," तो गुजरातीत म्हणाला. "मुंबई लई जाव." फोटोत एक पांढरी वाट वरून खाली येत होती आणि मध्येच सुतळीसारखी बारीक होत होती. कॅन्सरला मराठीत कर्करोग म्हणतात हे मी एका मासिकात वाचलं होतं. तो शब्द तोंडात धरून मी बाहेर आलो.

भाऊ लिंबाच्या पारावर बसला होता. "काय सांगं रे मास्तर?"

"कर्क शे म्हने," मी म्हणालो.

पुढचा 'रोग' मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण तो काही बाहेर येईना. घास अडायचं दुखणं त्याचं, आणि अडला माझा शब्द.

भाऊ विचारात पडला. "कर्क तं मन्ही पोरनी रास शे," तो म्हणाला. "डाक्टरले कशी समजनी?"

इथे मी हसून दुरुस्ती करायला हवी होती. वर्गात पोरांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी मी छडी उचलायचो. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे भीती नव्हती, नवल होतं. मी म्हणालो, "मोठा डाक्टर शे भाऊ. त्याले सगळं समजस."

ही मी दया दाखवली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण लहान आहे. खरं सांगितलं असतं, तर सांगताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, आणि परतीची सगळी गाडी त्याच्या समोर बसून काढावी लागली असती.

घरी येताच भाऊ जोशाकडे गेला. पोरीचं लग्न ब्राह्मणपुरी गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी ठरलेलं होतं, येत्या वैशाखात करायचं होतं. जोशीबुवांनी पत्रिका बघितली. मुलीच्या लग्नाला गुरूचं बळ लागतं. त्या साली गुरू मिथुनेत होता, म्हणजे कर्केच्या मुलीला बारावा, वाईट. पुढे आषाढात तो कर्केत जाणार होता, आणि कर्केचा गुरू उच्चीचा, उत्तम. पण बुवा माणूस व्यवहारी. म्हणाले, "बारावा असला तरी शांत करून लग्नं लागतात. दक्षिणा तेवढी वाढते."

भाऊ ऐकेना. "सुरतना डाक्टर सांगस कर्क, गावना जोशी सांगस कर्क," तो घरी येऊन म्हणाला. "एकनी फोटो काढात, दुसरानी पत्रिका दखी. दोन्ही खोटं कसं सांगतीन?" विज्ञान आणि ज्योतिष यांचं एकमत आमच्या घरात तेव्हा झालं, आणि ते मी घडवून आणलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता. पोरीचे ग्रह जड आहेत, ते बापाच्या घशावर आले. गुरू कर्केत बसला की घसाही सुटेल आणि लग्नही चांगलं लागेल.

मुंबईला जायला मात्र तो लगेच तयार झाला. एवढ्या मोठ्या डॉक्टरने सांगितलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? त्या दिवसांत लोक बॉम्बच्या भीतीने मुंबईतून बाहेर पडत होते. येणाऱ्या गाड्यांवर माणसं लोंबकळत होती, आमचा जाणारा डबा मोकळा होता. भाऊ बाकावर आडवा झाला आणि म्हणाला, "मुंबईना लोके भलता चांगला. जागा करी देतस."

इस्पितळात त्याच्या छातीवर यंत्राने विजेचे शेक द्यायचं ठरलं. तिथला डॉक्टर मराठी होता, तरुण आणि सरळ. त्याने माझ्यासमोर भाऊला विचारलं, "तुम्हाला काय आजार आहे, ठाऊक आहे ना?"

"हा," भाऊ म्हणाला. "कर्क शे. मन्ही पोरले शे."

डॉक्टरची लेखणी थांबली. "मुलीलाही? वय काय तिचं?"

"सोळावं लागनं."

"सोळा! तिलाही घेऊन या ताबडतोब."

"लगीन जवळ उनं शे, कशी आनू?" भाऊ म्हणाला. "गुरू बठी जावू द्या, सगळं ठीक व्हयी जाई."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. दुरुस्तीची दुसरी संधी चालून आली होती, तीही सरकारी पगाराच्या साक्षीदारासमोर. मी डॉक्टरला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "त्याला जरा कमी ऐकू येतं." झालं. त्या दिवसापासून डॉक्टर, नर्सबाई, झाडूवाला, सगळे भाऊशी ओरडून बोलायला लागले. "तोंड उघडा!" "कुशीवर वळा!" भाऊ आयुष्यभर आकडे ओरडत आलेला माणूस, पण तोही वैतागला. "मास्तर, मुंबईमा सगळा लोके इतला बोंबलतस का रे?"

शेकांनी छातीची कातडी वांग्यासारखी काळी झाली. थुंकी गिळतानाही त्याला त्रास व्हायचा. त्याने तक्रार केली नाही, फक्त रोज विचारायचा, आषाढ किती लांब आहे. निघताना डॉक्टरने मला एकट्याला बोलावलं. "आता घास उतरेल," तो म्हणाला. "काही महिने उतरेल. मग परत मिटेल, आणि तेव्हा आमच्या हातात काही नसेल. घरातली जी मोठी कामं असतील ती याच दिवसांत उरकून घ्या."

याहून स्पष्ट भाषा मी शाळेत कधी वापरली नाही.

आणि खरोखर घास उतरायला लागला. आधी पेज, मग खिचडी, मग दुधातली भाकरी. वैशाखात गावातल्या एका लग्नात भाऊ पंगतीला बसला. वरणात बट्टी कुस्करून त्याने तुपाची धार घ्यायला सांगितली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सगळी पंगत हात थांबवून बघत होती. घास गेला. वाढप्याने आरोळीच ठोकली. त्या दिवशी श्रेयाची वाटणी झाली. वैद्य म्हणाला माझं चूर्ण, जोशीबुवा म्हणाले ग्रह उतरणीला लागले, नजर काढणारी म्हातारी म्हणाली मिरच्या जाळल्या तेव्हा खकाणासुद्धा उठला नव्हता, म्हणजे नजरच होती. सगळ्यात मोठा वाटा माझा. "भाऊ असावा तं असा," लोक म्हणत होते, "मुंबईले लयी गया." भाऊ बोटं चाटत मला म्हणाला, "मन्ही पोरना लगीनमा आसाच बठसू. तुन्हा शेजारले."

चार-आठ दिवसांनी मुलाचे वडील आमच्याकडे आले. भाऊला जेवताना बघून त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "आते वाट कसानी दखनी? गुरूनी शांत करी टाकूत, ज्येष्ठमा लगीन उरकी टाकूत. खर्च मी करस."

वहिनी दाराआडून म्हणाली, "बापना डोयासमोर व्हयी जावू द्या." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण रात्रंदिवस ज्याच्यासाठी ती पेज गाळत होती, त्याची हाडं ती मोजत नसेल असं थोडंच आहे.

भाऊ माझ्याकडे वळला. "मास्तर सांगी तसं."

सगळे माझ्याकडे बघत होते. 'ज्येष्ठात करा' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटले असते तर भाऊने विचारलं असतं, का? डॉक्टरने कर्क सांगितलं, मुंबईने कर्क सांगितलं, मग आता बारावा गुरू चालतो कसा? आणि त्या 'का'च्या मागे सुरतेच्या लिंबाच्या पारापर्यंतची सगळी वाट होती. मी म्हणालो, "एवढं थांबलो तर थोडं आणखी थांबू. उच्चीचा गुरू काही रोज येत नाही."

मुलाचे वडील म्हणाले, "मास्तर शिकेल माणूस. त्यासनं बरोबर शे." आणि चहा पिऊन गेले.

आषाढात गुरू कर्केत गेला. भाऊने पेढे आणवले, गल्लीत वाटले. स्वतः एक जिभेवर ठेवला, चोखला आणि बऱ्याच वेळाने हातावर काढून घेतला. कुणी बघू नये म्हणून मूठ मिटली. घास परत अडायला लागला होता.

"गुरू बठी गया ना?" त्याने मला विचारलं. "मंग लगीन कवय?"

चातुर्मासात लग्नं लागत नाहीत. तुळशीचं लग्न झाल्याशिवाय मुहूर्त नाही, हे वैशाखात कुणीच बोललं नव्हतं, ते मी त्याला आता सांगितलं. पोरीच्या राशीला गुरू येऊन बसला होता, पण देव झोपले होते.

"म्हंजे पयले तुळसनं, मंग मन्ही पोरनं," तो म्हणाला आणि हसायला गेला, तर ठसका लागला. आवाज तेव्हा पार बसला होता. जिनात त्याच्या जागी दुसरा माणूस ओरडत होता.

आश्विनात चमच्याने दिलेलं पाणीसुद्धा अर्धं परत येत होतं. एका दुपारी वहिनी आणि पोर ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या. मी खाटेजवळ बसून शाळेच्या वह्या तपासत होतो. त्याने माझं मनगट धरलं.

"मास्तर. कर्क कोनले शे? पोरले का माले?"

मी वही मिटली. "तुले, भाऊ."

"सुरतपासून?"

"हां."

त्याने माझं मनगट सोडलं. मला वाटलं आता शिवी देईल. मी तिची वाट बघत होतो, खरं तर ती मला हवी होती. तो म्हणाला, "मंग पोरनं लगीन कसाले थांबाडं?"

मी वही परत उघडली. त्याने परत विचारलं नाही. संध्याकाळी पोर पाणी पाजायला आली, तेव्हा तो तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मन्ही चूक व्हयी गई, बाई." तिने ते धरून ठेवलं. तिच्या गोष्टीतला बाप तिथून आला. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो होतो आणि ती चूक त्याची नाही असं म्हणालो नाही.

तुळशीच्या लग्नाआधी तो गेला.

माघात पोरीचं लग्न झालं. बाप गेल्यावर वर्षाच्या आत करावं लागतं, आणि पुढे सिंहस्थ लागत होता, त्यात लग्नं होत नाहीत. गुरू कर्केत होता, उच्चीचा. मुहूर्ताला नाव ठेवायला जागा नव्हती. वहिनीला बसता येत नव्हतं, म्हणून कन्यादानाला मी बसलो. पोरीचा हात माझ्या हातात होता, वर पाण्याची धार पडत होती, आणि बायका पदर डोळ्यांना लावून एकमेकींना सांगत होत्या की काका बापाच्या जागी उभा राहिला.

मग पंगत बसली. मुलाच्या वडिलांनी मला हाताला धरून पहिल्या पानावर बसवलं आणि चारचौघांत म्हणाले, "मास्तर, तुम्हीन व्हतात म्हणीसन निभायनं." वरण-बट्टी चांगली झाली होती. वाढपी माझ्यापुढे थांबला. मी नको म्हटलं नाही. दोनदा तूप घेतलं, आणि सगळं जेवण मला व्यवस्थित गेलं.