आवाज न देता आलेलं कोणीतरी

हे पटापट लिहून काढते, नाहीतर नंतर मलाच खोटं वाटायला लागेल.

पुण्यात नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचं, आणि घरी आई एकटी. पप्पा जाऊन वर्ष झालेलं. त्यात दिवाळीनंतर आई चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडली. शेजारच्या काकू ताक मागायला आल्या तोवर ती तशीच फरशीवर. मी कॉलेजात, मला पत्ताच नाही. म्हणून ठरवलं, पुण्यात बसून आईला गाठता येईल असं काहीतरी घरात ठेवायचंच.

राहात्यात मावसभावाचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने दोन वस्तू आठ दिवस वापरून बघायला दिल्या. एक स्मार्ट स्पीकर, वाटीएवढा, नुसता ऐकणारा आणि बोलणारा. दुसरा स्मार्ट डिस्प्ले, म्हणजे काम तेच, पण पुढे स्क्रीन आणि वर कॅमेरा.

"स्पीकर नको घेऊ," दादा म्हणाला. "मावशी पडली आणि शुद्धीवरच नसली तर तो काय कपाळ सांगणार? ह्याच्यात दिसेल तरी."

मला लगेच पटलं. आईला नाही. डिस्प्ले ओट्याच्या बाजूला फळीवर ठेवला, तर त्याच्यासमोरून जाताना ती पदर सावरायची.

"अगं, यंत्र आहे ते."

"यंत्र हाय तर बघतंय कशाला?"

त्याची बडबडही नको, म्हणून तिने आवाज पार बंद करायला लावला.

आता आमच्या घराचं सांगावं लागेल. आम्ही शनीच्या शिंगणापूरचे. आमच्या चौकटीला दार नाही, पडदा आहे. कडीच नाही तर वाजवणार काय? म्हणून येणारा माणूस पडद्याबाहेर थांबून आवाज देतो, "हाय का घरात?" आतून "ये" आलं की मगच पडदा उचलायचा. घरचेसुद्धा आवाज देऊनच येतात. फक्त पप्पा द्यायचे नाहीत. आईला दचकवायला पडदा धरून गुपचूप उभे राहायचे. आणि आई एकदाही दचकली नाही. मान न वळवता म्हणायची, "या की, उभं काय ऱ्हायलात."

बुधवारी मी घोडेगावच्या स्टँडवर बसची वाट बघत होते. म्हटलं, बघू चालतंय का. मोबाईलवर डिस्प्लेचा कॅमेरा उघडला. दुपारचे तीन. आमचं स्वयंपाकघर, ओट्यावर ऊन, आई पडद्याकडे पाठ करून, गॅसवर चहा. मला इतकं भारी वाटलं की आईला फोन करून सांगायचं सोडून मी नुसती बघत बसले.

आईचा हात थांबला.

"या की," ती मान न वळवता म्हणाली, "उभं काय ऱ्हायलात."

मागचा पडदा मला दिसत होता. हलतही नव्हता. तिने दोन कप घेतले. एक आधी गाळला, मग उरलेल्या चहात साखर टाकली. पप्पांना शुगर होती. त्यांचा कप असाच आधी निघायचा, मग ते बशीत ओतून प्यायचे.

मी झटकन मोबाईल बंद केला.

योगायोग असेल म्हणून गुरुवारी मुद्दाम सकाळी अकराला, काकूंच्या अंगणात बसून उघडलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, चौकटीकडे बघून हसली आणि चहा टाकायला उठली. मला नोकरी लागली तेव्हाही ती अशी हसली नव्हती.

शुक्रवारी उघडलंच नाही. मोबाईल दिवसभर बॅगेत. संध्याकाळी घरी आले, तर मोरीत दोन कप.

"कोण आलं होतं?"

"तुझे पप्पा," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "तीन दिस झाले येत्यात. बोलत न्हाईत पन."

मी पुण्याला गेल्यावर ही रोज असाच चहा करत बसणार, आणि ते मी सुरू केलंय. सगळं सांगून टाकलं. मी होते, ह्यातून बघत होते, आवाज न देता.

तव्यावरची भाकरी करपली.

"बुधवारी तू?"

"हो."

"काल?"

"मीच."

"आन आज?"

मी बॅगेकडे बघितलं. मोबाईल अजून आतच होता.

"तो डोळा घेऊन जा," ती म्हणाली. "आन पोरी, आपल्या घरात आवाज दिऊन येत जा."

रविवारी डिस्प्ले दादाला परत दिला. स्पीकर ठेवला. आई पडली तर दिसणार नाही, हे कळत होतं, म्हणून काकूंशी ठरवलं, की आईने उत्तर दिलं नाही तर मी लगेच त्यांना फोन करणार आणि त्या धावत जाणार. आता पुण्यातून दिवसातून तीनदा स्पीकरवर विचारते, "आई, हाय का घरात?" आई "ये" म्हणते. मग दोन मिनिटं गप्पा.

परवा दुपारी विचारलं, तर उत्तर नाही. परत विचारलं. नाही. मी काकूंचा नंबर काढला, बोट त्यावर, आणि स्पीकरमधून कपबशीचा आवाज आला. कोणीतरी बशीत ओतून, फुरके मारत चहा पीत होतं. आई कधी बशीतून पीत नाही.

मग अगदी जवळून आईचा आवाज आला. शांत होता.

"ये. पन हळू बोल. चहा घेत्यात."

मी काकूंच्या नंबरवरून बोट उचललं आणि हळू आवाजात विचारलं, "आई, तू जेवलीस का?"