एका पट्ट्याची पिशवी

आम्ही धायरीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाईककाकांनी आमचा कचरा आम्हाला परत आणून दिला. सकाळी बेल वाजली. दारात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ उभे, हातात आमचीच काळी पिशवी. "मी शेजारचा नाईक. तुमचं थोडं सामान खाली राहिलं होतं." मग त्यांनी पिशवीतून चपलांचा रिकामा खोका काढून माझ्यापुढे धरला. "याचं काम संपलं का?" मला राग आला होता, तरी खोका मी ठेवून घेतला. त्या खोक्यात माझा सुईदोरा अजून आहे.

हा प्रश्न ते कशाहीबद्दल विचारत. सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झालेली. काम संपलं नसेल तर टाकायचं नाही आणि संपलं असेल तर चालू ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. दुधाची पिशवी ते अशी कापत की कोपरा पिशवीलाच लटकत राहावा, कारण सुटा तुकडा कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाती लागत नाही. मोडक्या दोन छत्र्यांतून एक धड छत्री करत. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की म्हणत, "भिंतींना उकडतंय वाटतं." हे आमच्या घरात येऊनसुद्धा म्हणत. वर्षभरात मीही दिवे मालवत फिरायला लागले आणि नवरा मला 'धाकटे नाईक' म्हणू लागला.

त्यांच्या पत्नीने, शैलाकाकूंनी, हे चाळीस वर्षं निभावलं होतं. "लग्नातले हारसुद्धा यांनी दुसऱ्या दिवशी कुंडीत घातले गं," त्या सांगायच्या. "गुलाब मात्र छान आला."

मग काकूंची फुप्फुसं थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसरात्र चालू ठेवायचं. नाकाला लावलेली त्याची नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, गॅलरीपर्यंत नाही. काकूंचं जग तेवढंच झालं. काकांचंही त्याहून मोठं राहिलं नाही. अर्ध्या तासाच्या वर ते बाहेर थांबत नसत, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची म्हणून सकाळपासून ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरजवळ बसून असत. मशीनबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त फ्रीज बंद झाला, टीव्हीची वायर काढून ठेवली गेली, आणि संध्याकाळी दोघं एका बारक्या दिव्याखाली बसू लागली. काकांना वाटत होतं, आपण मशीनसाठी वीज वाचवतोय. काकूंना दिसत होतं, माझ्यामुळे घर अंधारात बसलंय. हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही.

मी घरून काम करते. माझं टेबल त्यांच्या भिंतीला लागून. मशीनची घरघर दिवसभर कानाशी असायची, आणि खरं सांगायचं तर मला तिचा वैताग यायचा. एका मंगळवारी दुपारी ती थांबली. वीज गेली असेल म्हणून मी वर बघितलं, तर डोक्यावर माझा पंखा फिरत होता.

त्यांची एक किल्ली आमच्याकडे असे. मी धावत आत गेले. काकू पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मशीन बंद. नळी काकांच्या पद्धतीने नीट गुंडाळून, रबर लावून उशाशी ठेवलेली. ओठ निळसर झालेले. मी मशीन सुरू केलं. नळी सोडवून त्यांच्या नाकाला लावली. त्यांनी अडवलं नाही. बऱ्याच वेळाने धापा टाकत म्हणाल्या, "माझं काम संपलं गं आता. संपलं की बंद करायचं, हेच तर शिकलेय इथे."

काका खाली सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात पालापाचोळा वरखाली करायला गेले होते. ते वर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले आणि काकूंच्या पायाशी बसले. आता ओरडतील किंवा रडतील असं मला वाटलं.

"शैला," ते म्हणाले, "मला विचारल्याशिवाय या घरातलं काहीही मोडीत काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात. "जुनी साडी आहे का? शैला पिशव्या शिवणार आहे." असे ते अख्ख्या इमारतीत फिरले. फ्रीज सुरू झाला, टीव्ही लागला. पलंगाच्या वर त्यांनी लखलखीत ट्यूब बसवली आणि ती भरदिवसा जळू लागली. काकू म्हणाल्या, "अहो, दुपारी दिवा कशाला?" काका म्हणाले, "मग सुईत दोरा कुणी ओवायचा, मी?"

काकू शिवत राहिल्या. पिशव्या सगळ्या घरांत गेल्या, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांकडे गेल्या. एकदा मी विचारलं, "आवडतं का हो शिवायला?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "मला सुटायचं होतं गं. पण यांना टाकवत नाही काही." मशीन तर मीच सुरू केलं होतं. त्या दिवशी मी ते काकूंसाठी केलं की काकांसाठी, मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या थंडीत एका पहाटे काकू झोपेतच गेल्या, मशीन चालू असताना. मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. माझ्या टेबलाशी इतकी शांतता झाली की मला काम सुचेना.

तेरावा झाल्यावर काका एक पिशवी घेऊन आले. माझ्याच हिरव्या साडीची. एक पट्टा पक्का शिवलेला, दुसरा लावायचा राहिलेला. "तुझी साडी आहे, तुझ्याकडेच असू दे." मी चपलांचा तो खोका आणला. "दुसरा पट्टा मी लावते, काका. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी खोक्याच्या झाकणावर हात ठेवला. फुटक्या कपाचा कानसुद्धा ज्यांनी कधी तसा सोडला नाही, ते काका म्हणाले, "नको. तिने केली तेवढीच राहू दे." मग म्हणाले, "तिचं काम त्या मंगळवारीच संपलं होतं. मीच नाही म्हणत बसलो."

मंडईत जाताना मी तीच पिशवी नेते. एका पट्ट्याने ती कलंडते, म्हणून दुसरी कड मुठीत धरून घरापर्यंत यावं लागतं. ओळखीची भाजीवाली दर वेळी म्हणते, "अवो ताई, दुसरा पट्टा लावून घ्या की." मी हो म्हणते आणि कड घट्ट धरते.