छोट्या गाडीतलं पाणी

अक्कानं आपली भरलेली घागर गाडीच्या दारातून रुळांवर ओतली. लातूर स्टेशनच्या नळावर सकाळपासून रांग लावून भरलेली घागर. का, तर आमच्या घागरीतले चार थेंब तिच्यात उडाले.

अक्का म्हणजे आमच्या गावच्या दुकानदाराची बायको. आम्ही बौद्धवाड्यातले. मी तेव्हा अकरा वर्षांची. दुष्काळात गावचा आड आटला, तसं सगळं गाव छोट्या गाडीनं लातूरहून पाणी आणायचं. नळ एक, गाडी एक. पण डब्यात त्यांच्या घागरी बाकड्यावर, आमच्या दारापाशी खाली. हिंदकळू नये म्हणून आई पाण्यावर लिंबाचा डहाळा टाकायची. त्या दिवशी गाव जवळ आलं म्हणून अक्कानं आपली घागर दाराशी आणली, आणि वळणावर गाडीनं हिसका दिला.

आई हात जोडून उभी. "चुकलं अक्का. पदरात घ्या."

अक्का म्हणाली, "माझं गेलं. आता तू बी ओत. न्हाईतर उद्यापासून ह्या डब्यात पाय ठेवायचा न्हाई."

घरी धाकटी बहीण हगवणीनं पडलेली. तिच्या तोंडात घालायला घरात घोटभर पाणी नव्हतं. आईला हे माझ्याहून जास्त माहीत. तरी तिनं घागर तिरपी केली.

मी खाली बसले. दोन्ही हातांनी घागर कवटाळली.

"न्हाई ओतू देणार."

डबा हसला. कुणीतरी म्हणालं, "लातूर जिल्हा झाला न्हवं, ही बघा कलेक्टरीण."

आईनं माझ्या थोबाडीत मारली. परत मारली. मी सोडली नाही. गाडी थांबली तेव्हा घागर भरलेलीच होती.

बहिणीला पाणी मिळालं. आई मात्र पुन्हा गाडीत चढली नाही. तीन कोस चालत जाऊन नदीच्या वाळूत झरा उकरायची. डोईवरच्या घागरीनं मान आखडली तिची, ती कायमची. मार मी विसरले. तिचे जोडलेले हात विसरता येत नाहीत.

आता मी चळवळीची पत्रकं लिहिते. जिल्हा होऊन दहा वर्षं झाली. भाषणं झाली, कचेऱ्या झाल्या. पुन्हा दुष्काळ आहे, तीच गाडी आहे, आणि आमच्या घागरी अजून दारापाशीच.

उद्या सकाळच्या गाडीनं वाड्यातल्या नऊ जणी जाणार. घागरी बाकड्यावर ठेवणार. ओता म्हणाले तर ओतणार नाही. उतरा म्हणाले तर उतरणार नाही. माफी तर नाहीच.

आईला विचारलं, येतेस का. ती खाली बघून म्हणाली, "मला नको नेऊ, बाई. माझे हात आपोआप जुळतेत."

म्हणून तिला नेणार नाही. आम्ही जाणार.