फक्कीची वाकलेली रेघ

भूतबित म्हटलं की मला हसूच यायचं. आर्किटेक्ट आहे मी. जे टेपनं मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. पण मेढ्यात जे झालं ते मी टेपनंच मोजलंय... म्हणून तर लिहितेय!

मेढ्याचं सार्वजनिक वाचनालय हे माझं पहिलं स्वतंत्र काम. पावसाच्या आत पाया भरला नाही तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं. उताराची जागा, पण मी रस्त्याला समांतर सरळसोट इमारत काढली होती. समोरून झकास दिसावी, दारही रस्त्याकडेच हवं म्हणून! आमचे मिस्त्री धोंडीमामा आधीच म्हणाले होते, "म्याडम, पावसाळ्यात येकदा ही जागा बघा, मग काय ती रेघ वडा." मी हसण्यावारी नेलं.

मे महिना, भर दुपार. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकून पायाच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि समोरच्या झाडाखाली जेवायला बसलो. मामा, दोन गडी आणि मी. परत येऊन बघते तर वाचन-खोलीची रेघ एका कोपऱ्याला वळसा घालून गेलेली! जुन्या रेघेचा मागमूस नाही. भुसभुशीत मातीत एक पाऊल उमटलेलं नाही.

"मामा, चेष्टा करताय का माझी?" मी ओरडलेच.

"आवं, आमी तुमच्या म्होरंच भाकरी खाईत हुतो न्हवं का?"

खरंच होतं ते. पुन्हा रेघ मारली. चहा आला, दोन मिनिटं पाठ वळली... पुन्हा तोच वळसा! मामा हळूच म्हणाले, "जागा सांगतीया, आयका की तिचं."

"खणा तो कोपरा!" मी चिडून म्हणाले. कमरेएवढा खड्डा झाला आणि भर उन्हाळ्यात तळातून पाणी उसळलं. जिवंत झरा! माझी भिंत त्याच्यावर उभी राहणार होती. पहिल्याच पावसात खचली असती, पुस्तकं कुजली असती, आणि मीही संपले असते.

मग मी ती वाकडी रेघ मोजली. कोपऱ्यात गेलेली जागा दुसऱ्या बाजूला भरून काढलेली. खोलीचं क्षेत्रफळ माझ्या नकाशाएवढंच, चौरस इंचभरही कमी नाही! शिवाय झऱ्याच्या बाजूला रेघेत साडेतीन फुटांची मोकळी जागा... दाराएवढी. मी तिथं दार काढलंच नव्हतं.

तसंच बांधलं. पाया पावसाच्या आत भरला. आज पोरं झऱ्याकाठी पाय सोडून वाचत बसतात, तेव्हा मला नाचावंसं वाटतं! रेघ कुणी मारली, अजून कळलेलं नाही. आणि ज्या रस्त्याकडच्या दारासाठी मी एवढी अडून बसले होते, तिकडून कुणी येतच नाही. सगळे त्या दुसऱ्या दारानं येतात.