ओळख विचारणारं कुलूप

किल्लीकाकांनी आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडली, पण शेजाऱ्याला विचारल्याशिवाय एकही उघडलं नाही. कोणी घामाघूम होऊन दुकानात येई, "काका, किल्ली आत राहिली, लवकर चला," म्हणे. काका पिशवी उचलून निघत, दारापाशी पोचत, पिशवी खाली ठेवत आणि आधी बाजूचं दार ठोठावत. "ह्यांना ओळखता का? घर ह्यांचंच ना?" शेजारी हो म्हणाला की मगच तार कुलपात जायची. एका बड्या साहेबाला तर त्यांनी त्याच्याच पायरीवर ताटकळत बसवलं होतं, कारण शेजारी बाजारात गेले होते. साहेब भडकला, ओळखपत्र नाचवू लागला. काका शांतपणे म्हणाले, "कागद काय, कोणीही छापतो. तुम्हाला ओळखणारं एक माणूस आणा."

या हट्टापायी काही गिऱ्हाइकं तुटली, नाव मात्र झालं. पुढे नावाचंही कोणाला काम उरलं नाही. आधी आकडे दाबायची कुलपं आली, मग बोट टेकवायची, मग नुसतं तोंड दाखवलं की उघडणारी. दुकानाची पायरी चढायचा तो पत्ता विचारणारा, आणि थोड्याच दिवसांत पत्तेही फोन सांगू लागले. शेवटी काकांनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि नवराबायको मुलाच्या घरी राहायला आली. उंच इमारत, लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना सारखीच दारं. कोण कुठल्या दारामागे राहतं ते देवाला ठाऊक.

दाराला अर्थातच चेहरा ओळखणारं कुलूप होतं. "बाबा, आता किल्ली नावाची भानगडच नाही," असं चिरंजीव अगदी निष्पाप तोंडाने म्हणाले. ज्या भानगडीवर त्यांची दूधपावडर, शाळा, कॉलेज असं सगळं झालं, तिच्याबद्दल हे उद्गार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चेहरा नोंदवायला ते इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून, कवळी बसवून उभे राहिले. कुलूप गोड आवाजात म्हणालं, "नोंद झाली. स्वागत आहे." काकांनी संकोचून त्याला नमस्कारही केला. मग जुन्या सवयीने त्याच्या अंगाखांद्यावरून बोटं फिरवली, तर खाली एक इवलंसं झाकण लागलं आणि झाकणाआड भोक.

"हे रे काय?"

"अडीनडीला असतं. त्याची किल्ली असेल कुठल्यातरी खोक्यात."

एवढं शहाणं यंत्र, आणि अडीनडीला शेवटी किल्लीच! काका दिवसभर खुशीत होते.

पुढे बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवलात तर हाड सरकेल आणि मग कापाकापी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा सकाळीच कामावर जाई, त्यामुळे स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात आलं. काकांचा स्वयंपाक म्हणजे आनंदच होता. ती पलंगावरून सूचना सोडायची, हे इकडून "हो, हो" म्हणायचे, आणि जे व्हायचं ते व्हायचंच.

त्या दिवशी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि तेवढ्यात कचऱ्याची पिशवी मार्गिकेच्या टोकाच्या डब्यात टाकायला गेले. कवळी मोरीपाशी वाटीत होती. कचरा टाकायला कोण दात लावून जातं? परत आले तर दार आपसूक लागलेलं. काका ऐटीत समोर उभे राहिले.

"क्षमस्व. ओळख पटत नाही," कुलूप म्हणालं.

काका जरा पुढे सरकले. ओळख पटेना. मागे सरकले. पटेना. मग लक्षात आलं की दातांविना गाल आत गेलेत, म्हणून त्यांनी गाल फुगवले, डोळे मोठे केले. "क्षमस्व." "अरे मीच आहे, मी!" काका बोळक्या तोंडाने कुलपावर ओरडले. कुलपाने गोड आवाजात पुन्हा क्षमा मागितली.

आतून बायकोचा आवाज आला. "अहो, दूध उतू चाललंय वाटतं!"

"दार उघडत नाहीये!"

"मग मी उठते."

"उठू नकोस! जागची हलू नकोस!"

पण काकांना पुरतं माहीत होतं, उतू जाणाऱ्या दुधासाठी ही बाई मेली असती तरी उठली असती. खिशात वाकडी तार होतीच, लोक पेन ठेवतात तशी. हात खिशात गेला आणि पाय सवयीने समोरच्या दाराकडे वळले. त्यांनी घंटा दाबली. दार उघडलं नाही, घंटाच बोलली.

"कोण? आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"अहो, मी समोरचा. जरा बाहेर या आणि एवढं सांगा, की हे घर माझंच..."

"समोर एक तरुण राहतात."

"त्यांचा बाप मी!"

"मग त्यांना फोन करा ना."

"फोन आत राहिलाय हो."

"मग आम्ही काय करणार?" घंटेचा दिवा विझला.

बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं? काका इतके दिवस इथे राहत होते, पण कचऱ्याच्या डब्याखेरीज कोणाशी त्यांची ओळख झाली नव्हती. आता करपल्याचा वास येत होता, आणि त्यामागून विझलेल्या गॅसचा. पलंग करकरला.

"अहो, कुठे गेलात?"

"शेजाऱ्यांना विचारत होतो, ओळखता का म्हणून..."

"शेजारी कसले विचारताय! मी ओळखते ना तुम्हाला! उघडा दार!"

एवढ्या वर्षांत ही साक्ष काकांनी कधी घेतली नव्हती. त्यांनी झाकण सरकवलं आणि तार आत घातली. तार दोनदा निसटली, एकदा खालीच पडली. दुकानात असताना अशा कारागिराला त्यांनी दारात उभं केलं नसतं. अखेर आत काहीतरी सरकलं, कुलूप "चोरी! चोरी!" म्हणून बोंबलायला लागलं आणि काका आत धावले. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. बायको पलंगाच्या कडेला आली होती, प्लॅस्टरचा पाय जमिनीपासून टीचभर वर.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "दात कुठे आहेत तुमचे?"

काका मटकन तिच्याशेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी मुलाने सगळं ऐकलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कसलं भिकार कुलूप! काही झालं असतं म्हणजे? आत्ताच्या आत्ता तक्रार करतो." त्याने तावातावाने फोन काढला, कुलपाची सकाळची नोंद उघडली, आणि फोन हळूच उलटा धरला.

"बघू," म्हणून काकांनी फोन घेतला. पडद्यावर ते स्वतःच होते, फुगवलेल्या गालांचे, वटारलेल्या डोळ्यांचे. खाली कुलपाने मुलाला विचारलं होतं, 'दाराशी एक व्यक्ती आहे. ही आपल्या ओळखीची आहे का?' आणि त्याखाली मुलाचं उत्तर होतं, 'नाही.' पुढचा फोटो, तोच प्रश्न. 'नाही.' त्याच्या पुढच्यालाही 'नाही.'

"मीटिंगमध्ये होतो, बाबा," मुलगा खाली बघत म्हणाला. "दिवसभर असलं काहीबाही विचारत असतात. आम्ही न बघताच 'नाही' दाबतो."

काकांच्या काळजाला लागलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्यांनी आपलाच फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग फोन मुलाच्या हातात ठेवला.

"तक्रार करू नकोस," ते म्हणाले. "कुलूप इमानदार आहे. त्याने दार उघडण्याआधी विचारलं होतं."