सोतिबोल्दी-बुवांनी मोडलेला नान

पडदा वर जातो तेव्हा मर्गिलान गावातलं एक अंगण दिसतं. मे महिन्यातली सकाळ. वर द्राक्षवेलीचा मांडव, मांडवाखाली मोठी लाकडी बाज, बाजेवर अंथरलेलं जेवणाचं कापड, दस्तरखान. मागे जर्दाळूची दोन झाडं, त्यांच्या पायाशी स्ट्रॉबेरीचे वाफे आणि वाफ्यांच्या कडेनं झुळझुळणारा पाट. उजव्या विंगेत स्वयंपाकघर. आणि रंगमंचाच्या ऐन मध्यावर, हात-गुडघे जमिनीला टेकून, तोंड पानांत खुपसून, पाठ प्रेक्षकांकडे केलेला आपला नायक.

नायकाचं नाव सोतिबोल्दी. वय सत्तरीच्या पलीकडे. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या चहाखान्यातला समोवर, चहाचं पाणी उकळायचं ते मोठं पितळी भांडं, त्यांनी उभी हयात सांभाळला. आता हे चार वाफे सांभाळतात. नात त्यांना बुवा म्हणते, म्हणून सारी गल्लीही बुवाच म्हणते.

"बाबा!" विंगेतून सुनेचा, इनोबतचा, आवाज आला. "पाहुणे यायची वेळ झाली आणि तुम्ही बकरीसारखे चरताय काय!"

बुवांनी मान वर केली. पांढऱ्या मिशीला लाल रंग लागला होता.

"सूनबाई, पहिला अंक चाललाय. अंक चालू असताना शहाणी माणसं खोकतसुद्धा नाहीत."

स्ट्रॉबेरी खाण्याचे बुवांच्या मते तीनच अंक. पहिला सकाळचा. दव अंगावर असताना, फळ देठावर असताना, हात न लावता ते ओठांनी उचलायचं. हात लागला की ते बाजारचं झालं. दुसरा अंक दुपारचा. चिनी मातीच्या वाडग्यात फळं कुस्करून वर साखर पेरायची, झाकण घालून वाडगा पाटाच्या गार पाण्यात ठेवायचा आणि आपण एक डुलकी काढायची. जाग येईतो फळांनी आपला रस आपणहून सोडलेला असतो. आणि तिसरा अंक, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात, तो असा: तंदुरातून नुकताच निघालेला नान मोडायचा, त्यावर बोटभर जाड साय थापायची, सायीत अख्खी स्ट्रॉबेरी दाबायची, नान मिटायचा आणि मग डोळे मिटायचे. ह्याखेरीज लोक जे काही करतात, ती बुवांच्या लेखी तालीमसुद्धा नव्हे.

समोवरापाशी उभं राहून हे व्याख्यान त्यांनी इतक्यांदा दिलं होतं की ऐकता ऐकता गिऱ्हाइकांचे चहा निवून जात. मालक कुरकुरायचा, "सोति, तू चहा पाजायला आहेस की लोकांना भूक लावायला?" पण हंगामात बुवांच्या समोवराजवळ बसायला जागा मिळत नसे, हेही मालकाला दिसायचं. मग तो कुरकुरत का होईना, सायीचं भांडं पुढे सरकवायचा.

आज मात्र बुवांचं चित्त अंकात नव्हतं. नातीला, ओयदिनला, मागणी घालायला अंदिजानहून पाहुणे येणार होते. ही तिसरी खेप. दोनदा गोड बोलून वाटेला लावता येतं. तिसऱ्यांदा हो किंवा नाही काय ते करावंच लागतं. ओयदिनचा बाप कामासाठी रशियात, तेव्हा घरचा शब्द बुवांचा. इनोबतला स्थळ पसंत होतं. आणि ओयदिन काल दिवेलागणीला बुवांच्या शेजारी येऊन बसली होती.

"बुवा, मुलगा काही वाईट नाही हो."

"पण?"

"पण विणकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी मला ह्याच वसंतात माझा स्वतःचा माग दिलाय. अतलसाचा, रेशमी कापडाचा. नक्षीसुद्धा माझी मी ठरवणार आहे. अंदिजानला सासरी मी जाईन, पण माग कसा नेऊ?"

"म्हणजे नाही म्हणायचं."

"तुम्हाला जमेल?"

"मला?" बुवांनी छाती पुढे काढली. "भल्याभल्यांना गोड बोलून चहाखान्यातून उठवलंय मी! दिला शब्द, लेकी. जा, झोप."

तसं पाहिलं तर काम सोपं होतं. पाहुणे येताना कापडात दोन नान बांधून आणतात. नकार असला तर ते नान तसेच अखंड, मानानं परत करायचे. कुणाचा अपमान नाही, कुणाला उत्तर देणं नाही. होकार असला तर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एक नान दोन बाजूंनी धरून मोडायचा. मोडला की लग्न ठरलं. अर्धा ह्या घरी राहतो, अर्धा त्या घरी जातो आणि त्याचे तुकडे नातलगांच्या हातांवर पडले की बातमी पक्की. बुवांना आज फक्त एकच करायचं होतं: काहीच करायचं नव्हतं. आणि नेमकं तेच त्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं.

पाहुणे आले. पुढे मुलाच्या आजोबांची धाकटी बहीण शराफत-खाला. हिची जीभ अशी चाले की शिंप्यानं कात्री लपवावी. मागे ते आजोबा, कोचकोर-आका; तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आका म्हणतात आणि बाईला खाला. अंगानं दार अडेल एवढे आणि मनानं लोण्याचे.

"या, या, आका! वाटेत त्रास नाही ना झाला?"

"पुतण्यानं गाडी चालवली," आकांनी बाजेवर बसत सुस्कारा सोडला. "गाढवावर आलो असतो तर हाडं तरी जागेवर राहिली असती."

शराफत-खालानं कापडातली शिदोरी दस्तरखानावर, बुवांच्या अगदी पुढ्यात ठेवली. "तुमच्याच कोपऱ्यावरच्या तंदुरातले आहेत, सोति-आका. वाफ अजून गेली नाही. म्हटलं, मर्गिलानच्या माणसाला मर्गिलानचाच नान मोडायला सोपा जाईल."

बुवा हसले आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

इनोबतनं चहा आणला, सायीचं भांडं आणलं, ताटभर स्ट्रॉबेऱ्या आणल्या. हवापाण्याचं झालं, गुडघ्यांचं झालं, कापसाचं झालं. बुवांनी मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं: "पोर अजून थोडे दिवस आमच्याच अंगणात राहू दे." खालाचा पेला खाली टेकला. आता. बुवांनी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की कोचकोर-आकांनी ताटातली सगळ्यांत देखणी स्ट्रॉबेरी उचलली, गरम चहात टाकली आणि चमच्यानं ढवळायला घेतली.

वाक्य घशातच राहिलं.

"आका, हे काय करताय?"

"चहा घेतोय."

"त्यात काय टाकलंत?"

"फळ. आमच्या अंदिजानात असंच घेतात. पोटाला बरं पडतं."

"पोटाला? आका, ती पोटासाठी असते होय? अहो, तुम्ही तिला बुडवून मारलंत!"

"तुम्ही मर्गिलानचे लोक फार नाजूक," खाला म्हणाली. "फळ ते फळ. तोंडातून जायचं, झालं."

झालं! एवढं ऐकल्यावर बुवांना मांडीखालचे हात आवरेनात. "थांबा. आका, तो पेला खाली ठेवा. आयुष्यात एकदा तरी नीट खा. सूनबाई, नान!"

"पहाटेचा आहे, बाबा. निवलाय."

"निवलेल्या नानावर साय? त्यापेक्षा मला उपाशी ठेव." त्यांची नजर भिरभिरली. समोरच्या कापडातून वाफेची रेघ वर येत होती. बुवांनी गाठ सोडली. वरचा नान उचलला. बोटं भाजली, तसा ह्या हातातून त्या हातात उडवला. "हा बघा, ह्याला म्हणतात नान! कड जाड आहे जरा. आका, धरा बघू त्या बाजूनं."

आका सज्जन माणूस. यजमानानं धरा म्हटलं, त्यांनी धरला. बुवांनी ओढलं.

कड कटकन तुटली आणि नान दोघांच्या हातांत अर्धा-अर्धा आला.

शराफत-खालानं दुआ पुरी करताना करतात तसे दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

"ओमिन! मुबारक असो, विहीणबाई!"

इनोबतचे डोळे भरून आले. कोचकोर-आका हातातल्या अर्ध्या नानाकडे पाहत "अरे वा, अरे वा" म्हणू लागले. आणि स्वयंपाकघराच्या दारात ओयदिन किटली घेऊन उभी होती. किटली कलली होती. चहा तिच्या चपलांवर ओघळत होता आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

बुवांच्या हातात गरम नान होता, समोर साय होती, आणि त्यांना भूक नव्हती. असं हंगामात कधी झालं नव्हतं.

चूक झाली म्हणावं? पण नान म्हणजे काही काडी नव्हे, गमतीत मोडायला. चुकून मोडला म्हणणाऱ्याच्या शब्दाला उद्या गल्लीत कोण विचारणार? आणि गप्प बसावं, तर दारातल्या त्या पोरीला दिलेल्या शब्दाचं काय? तिकडे खाला आकांच्या हातातला अर्धा नान काढून घेऊन कापडात बांधूही लागली होती. तो अंदिजानला पोचणार, त्याचे तुकडे होणार, वाटले जाणार.

वाटायला उरला तर!

बुवा सावरून बसले. पाठ ताठ झाली. नट तिसऱ्या घंटेला होतो तसे ते क्षणात दहा वर्षांनी तरुण झाले.

"खाला, बांधाल सावकाश. आकांना दाखवायचं राहिलं ना!"

त्यांनी आपल्या अर्ध्यातला तुकडा मोडला. साय अशी थापली की भांड्यातलीही बघत राहिली असती. ताटातून एक स्ट्रॉबेरी निवडली, नको म्हणून ठेवली, दुसरी घेतली, उजेडात धरली, सायीत दाबली. तिचा रस सायीत गुलाबी होऊन पसरला. बुवांनी घास मिटला, तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावू लागले.

आकांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली.

"कसं लागतं?"

बुवांनी मान हलवली. म्हणजे सांगण्यासारखं नाही. दुसरा घास. तिसरा. त्यांचा अर्धा नान संपत आला.

"सोति-आका, एक आम्हालाही द्या की."

"दिला असता हो," बुवा हळहळले. "पण माझा संपला. तुमचा बांधलाय."

"शराफत, सोड ती गाठ."

"आका!" खाला कडाडली. "तो घरी न्यायचाय!"

"एक तुकडा मोडल्यानं काय होतंय? कडेचा."

कडेचा तुकडा गेला. आकांनी डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते पाणावलेले होते.

"आणि मी इतकी वर्षं चहात टाकत होतो," ते पुटपुटले. "मधला जरा दे गं."

"आका, लोकांना काय वाटणार मी? माझं डोकं?"

"थोडा ठेवतो ना!"

बुवा साय थापत राहिले, आका खात राहिले. मधेच "शेवटचा" म्हणत, मधेच "हा खरा शेवटचा" म्हणत. खालानं दोनदा हातावर चापट मारली. तिसऱ्यांदा बुवांनी तिच्याच हातात एक घास ठेवला. ती काहीतरी तिखट बोलायला निघाली होती; त्याआधी तिनं तो तोंडात टाकला. मग स्वतःहून हात पुढे केला.

मोडलेल्या नानाचं चार तिळांखेरीज काही उरलं नाही.

शराफत-खालानं ओठांच्या कडेची साय पुसली आणि बुवांकडे टक लावून पाहिलं. ती बाई भोळी नव्हती. तिथून तिची नजर दारात गेली. ओयदिनच्या बोटांवर रेशमाच्या धाग्यांनी पडलेल्या बारीक रेघांवर थांबली.

"माग आहे ना तुझा?" तिनं विचारलं.

"हो, खाला. नवा."

"माझाही होता," खाला म्हणाली. "लग्नाआधी." एवढंच म्हणून ती पुन्हा कात्रीवर आली. "सोति-आका, तुम्हाला चहाखान्यात कोणी ठेवलं? तुम्हाला नाटकात ठेवायला हवं होतं! नाही म्हणायला माणसाला एवढं खायला घालतात?"

"खाला, मी..."

"पुरे. मोडलेला नान आम्ही पाहिला नाही. कुणी पाहिला असेल तर त्यानं तुकडा दाखवावा." तिनं दुसरा नान, अखंड, नीट कापडात बांधला. "हा परत नेते. रीतीनं."

बुवांनी उठून छातीवर हात ठेवला आणि तिच्यापुढे वाकले. ह्या खेपेला त्यात नाटक नव्हतं. कोचकोर-आकांना बाजेवरून उठवायला दोघांना हात द्यावा लागला. जाताना त्यांनी विचारलं, साय म्हशीची की गाईची?

मग अंगणात घरचेच उरले. इनोबतनं स्ट्रॉबेऱ्यांचं ताट उचललं आणि आत नेऊन कडी घातली. बुवा बाजेवर आडवे झाले, पोटावर दोन्ही हात ठेवून. ओयदिन त्यांच्या उशाशी बसली. आधी हसली, मग थोडी रडली, मग पुन्हा हसली.

"बुवा, कधीतरी मीच हो म्हणेन. तोवर पुन्हा कुणी आलं तर द्राक्षांच्या दिवसांत बोलावू या."

"द्राक्षं नानाबरोबरच खातात, लेकी."

"टरबुजाच्या?"

"तेही."

"मग हिवाळ्यात बोलावू. हिवाळ्यात बागेत काही नसतं."

बुवांनी एक डोळा उघडला, बराच विचार केला आणि म्हणाले, "नको गं. हिवाळ्यात मुरंबा असतो."