वीणा खाली ठेवता येत नाही

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो माझ्याकडे बघतो का, एवढंच विचारायचं होतं, आणि गेल्या मार्गशीर्षात तर मी त्याच्याशी बोलणंच टाकायच्या बेतात होते. चाळिशी ओलांडल्यावर माझ्या अंगावर कोड उठलं. आधी ओठाच्या कडेला, मग बोटांवर, मग पायांवर. मेहकरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, याने माणूस मरत नाही. हे डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि गावालाही माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि माझ्या हातचा चहा उचलणं वेगळं.

साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. "आत्ताच घेतला वं चहा," म्हणतात आणि पदराने तोंड पुसून उठतात. आमच्या गोठ्यात एक कबरी गाय आहे, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. सणाला बाया तिला हळदकुंकू लावतात, पोळी चारतात, काय देखणी आहे म्हणतात. तिच्या मालकिणीच्या अंगावर तेच ठिपके आले तर मात्र ते मागल्या जन्माचं पाप! पुतण्याच्या लग्नात नवी सून सगळ्यांच्या पाया पडत आली आणि माझ्यापुढे लांबूनच वाकली. पोरीचा दोष नाही, तिला कोणीतरी डोळ्याने खुणावलं होतं. मागच्या जन्मी मी काय केलं हे मला आठवत नाही. शाळेत मास्तर छडी मारायचे, पण आधी चूक तरी सांगायचे. देवाने तेवढंही केलं नाही, असा माझा राग होता, आणि राग धरण्यात मी पहिल्यापासूनच पक्की आहे.

दत्तजयंतीला आमच्याकडे सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी भंडारा, त्याला घरोघरच्या पोळ्या जातात. सप्ताहातच एका सकाळी माझी धाकटी जाऊ अंगणात आली. आमचं अंगण एक, चुली दोन. इकडे तिकडे बघत म्हणाली, "बाई, यंदा तुमच्या घरच्या पोळ्या मीच करतो. तुम्ही कायले तरास घेता?" तिच्या पोरीची सोयरीक चालू होती. सुलतानपूरचे पाहुणे भंडाऱ्याला येणार होते. मला सगळं कळलं. माझे मालक म्हणाले, "जाऊ दे नं, तुलेच आराम." मी पोळपाट असा आपटला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

दुपारी दत्ताचं देऊळ रिकामं असतं म्हणून मी त्याच वेळेला जायचे, हात पदराखाली घेऊन. त्या दिवशी दर्शनाला नाही, देवाला सांगायला गेले होते. तुझ्या दारात ज्यांचे हात चालतात त्यांनाच बोलाव, मी काही आता येणार नाही.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही आणि नामस्मरण थांबू द्यायचं नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो, मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. तिथे लहानमोठा, जातपात काही नाही. दिवसाचे पहारे आमच्याकडे बायाही करतात. मीही करायचे. बोटं पांढरी झाल्यापासून मला कोणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन दिवसाची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं असताना लाईन आली की माणूस देवळातही थांबत नाही. वीणा घेऊन एक अनोळखी म्हातारे उभे होते, दुसरबीडचे, कोणाकडे तरी पाहुणे आलेले. त्यांच्यानंतर ज्याचा पहारा होता तो मोटार चालू करायला गेला होता. टाळ घेतलेले आमच्या गावचे एक आजोबा भिंतीला टेकून पेंगत होते. मी गाभाऱ्यापुढे भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"माय, येवढी वीणा घे वं. माह्या डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. शुगर हाये मले."

मी वळून पाहिलं. ते घामाने भिजले होते, पाय लटपटत होते. मी पदराखालून हात काढून दाखवला. "बाबा, माह्या हाताले कोड हाये."

"हात हाये ना?" ते म्हणाले. "मंग घे लवकर. मी पडलो त वीणा पडन."

विचार करायला वेळच नव्हता. मी वाकले, वीणा गळ्यात घेतली आणि तोंडाने 'रामकृष्ण हरी' सुरू केलं. आणि तसल्या चक्कर येण्यातही त्या म्हाताऱ्याने रिवाज चुकवला नाही. खांबाचा आधार घेत ते खाली बसले आणि माझ्या दोन्ही पायांवर, जिथे डाग सगळ्यात मोठे आहेत तिथे, त्यांनी डोकं ठेवलं. किती वर्षांत माझ्या पायांना दुसऱ्या माणसाचा स्पर्श झाला नव्हता! डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसताही येईना.

अशा गोष्टींत असा माणूस पुढे दिसेनासा होतो, असं आपण ऐकतो. माझे पाहुणे कुठे नाहीसे झाले नाहीत. आजोबांनी त्यांना गूळ-शेंगदाणे दिले, ते मंडपात आडवे झाले, आणि संध्याकाळी पंगतीत बसून त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

मी मात्र उभीच. एक हात वीणेच्या दांड्याला, दुसरा तारेवर. दोन्ही हात गुंतल्यावर पदर ओढायला तिसरा हात आणायचा कुठून? ऊन कललं, भजनाला बाया-माणसं जमायला लागली. ज्याने त्याने माझे हात पाहिले. आधी लाजेने जीव जात होता. मग नाव घेता घेता केव्हातरी मीही माझे हात पाहिले, सगळ्यांसोबत, पहिल्यांदाच न चिडता. अर्धे सावळे, अर्धे पांढरे, आणि तार दोन्हींनी सारखीच वाजत होती.

पुढचा पहारा जावेचा होता. ती धुतलेलं लुगडं नेसून आली आणि मला वीणेसह बघून जागीच थबकली. सगळं गाव बघत होतं. तोंडात नाव असल्यामुळे मला टोमणाही मारता येत नव्हता, नाहीतर मी सोडलं नसतं. तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मधे वीणा घेऊन मग तिला द्यावी, असं तिच्या मनात असणार. आजोबा डोळे मिटून टाळ वाजवत राहिले. तेव्हा मला तिची नजर दिसली. ती माझ्या डागांवर नव्हती, जमलेल्या लोकांवरून फिरत होती. तिला माझी किळस नव्हती. पोरीचं जमता जमता मोडेल, या घराण्यात कोड आहे असं लोक म्हणतील, याची तिला भीती होती. माझं दुःख माझ्या कातडीवर होतं, सगळ्यांना दिसत होतं. तिचं तिने पोटात दाबून ठेवलं होतं, आणि एका अंगणात राहून ते मला दिसलं नव्हतं.

मग ती खाली वाकली. तिचा हात माझ्या पायाला लागला आणि तिथेच राहिला. उठताना हळूच म्हणाली, "बाई, पाय किती गार पडले तुमचे. कव्हाच्या उभ्या आहात?"

मी वीणा तिच्या गळ्यात घातली. आता माझी पाळी होती. खरं सांगते, तिला माझ्या पाया पडावं लागलं याचं मला मनातून बरं वाटलं होतं. पण मला तिच्या पाया पडायचं म्हटल्यावर कंबर वाकेना. कोड आल्यापासून मी दुखावलेली होते, आणि दुखावलेल्या माणसाला आपण सगळ्यांपेक्षा वर आहोत असं वाटायला लागतं. ते ओझं मी डागांपेक्षा जास्त जपलं होतं. गाव थांबलं होतं, जाऊ नाव घेत उभी होती. मी वाकले. तिच्या टाचांना भेगा होत्या, भेगांत शेताची माती होती. त्यावर कपाळ टेकलं.

डाग अजून आहेत, आता कोपरापर्यंत आलेत. गावातली काही घरं आजही माझ्याकडचा चहा टाळतात. हे दुःख मलाच का, याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि आपल्याला उत्तर मिळालं असं जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण दत्तात्रेयाने त्या दुपारी मला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, एवढं मी मानते आणि त्याला हात जोडते. इतकी वर्षं देवापुढे वाकले की काही ना काही मागायचे. त्या दिवशी जावेच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मागायचं राहूनच गेलं.